पेशींच्या कातऱ्या आणि कारखान्यातील धूळ



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनसवर बोलणार, कायद्यावर बोलणार, फार तर महागाईवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही त्यांपैकी कशावरच बोलणार नाही. शरीराच्या आत चालणाऱ्या एका बारीक कारागिरीची हकीकत आपल्यापुढे मांडावी, असा आमचा विचार आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीवर संपले. त्यानंतर जे काही शिकलो ते रात्रपाळीनंतरचे वाचनालय आणि डॉक्टर मित्रांना विचारलेले अडाणी प्रश्न यांच्या जोरावर. परंतु ज्या प्रश्नाने आम्हांला या विषयाकडे ओढले तो प्रश्न अडाणी नव्हता, आणि तो आमचाही नव्हता.

तो प्रश्न आमच्या एका सहकाऱ्याचा. बिडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, म्हणजे आपण ज्याला फाउंड्री म्हणतो तेथे, तो बावीस वर्षे फेटलिंगवर होता. साच्यातून निघालेल्या जॉबला चिकटलेली जळकी वाळू झाडायची आणि ग्राइंडरने त्याच्या कडा घासून काढायच्या, हे त्याचे काम. पंचेचाळिशीत त्याला घराचा जिना चढवेना. आधी खोकल्याचे औषध झाले, मग क्षयाचे सहा महिन्यांचे औषध झाले, मग तेच पुन्हा झाले. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी त्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि “तुम्ही काम काय करता?” असे विचारले. निदान निघाले सिलिकोसिस. गारगोटीच्या धुळीने फुप्फुस आतून घट्ट होत जाण्याचा रोग. झालेले नुकसान भरून काढील असे औषध त्यावर नाही. ते ऐकून परत येताना एस.टी.त तो आम्हांला म्हणाला, “दादा, धनुर्वाताची सुई टोचली, कोरोनाची लस टोचली, अंगानं ते सगळं वळखलं. मग बावीस वर्सं रोज नाकात जातीया ती धूळ अंगाला कशी वळखू येत न्हाई?”

त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे वाचता वाचता ध्यानात आले की, शरीर शत्रूला ओळखते म्हणजे नेमके काय करते, हेच आम्हांला ठाऊक नव्हते. ओळखण्याची ती क्रिया प्रथिने कापणाऱ्या विकरांवर अवलंबून आहे. म्हणून आजचे बोलणे त्या विकरांविषयी.

प्रथम प्रथिन म्हणजे काय ते पाहू. वीस प्रकारचे मणी घ्यावेत, ते शे-दोनशे किंवा हजार-दोन हजार अशा संख्येने एका दोऱ्यात ओवावेत, आणि त्या माळेची गुंडी करावी. प्रथिनाची घडण साधारणपणे अशी असते. या मण्यांना शास्त्रज्ञ अमिनो आम्ले म्हणतात. मण्यांचा क्रम बदलला की प्रथिन बदलते. जंतूचे अंग, आपले अंग, अंड्यातला पांढरा भाग, डाळीतले सत्त्व, या सर्वांत प्रथिने आहेत. मणी तेच, फरक आहे तो ओवण्याच्या क्रमाचा.

ही माळ कापणारी जी विकरे, त्यांना प्रोटिएज म्हणतात. स्वतः खर्ची न पडता एकामागून एक माळा कापीत जाणाऱ्या कातऱ्याच त्या. माणसाच्या शरीरात अशा पाचशेहून अधिक प्रकारच्या कातऱ्या आहेत. जठरातले पेप्सिन थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने 1836 साली शोधले, आणि तेव्हापासून पुष्कळ काळ या विकरांचे नाव पचनाशीच जोडलेले राहिले. आमच्या कोल्हापूरकडे मटण जून निघाले तर त्यात कच्च्या पपईची फोड टाकतात. पपईच्या चिकात पपेन नावाचे विकर असते. ते मांसातली प्रथिने कापते आणि मटण मऊ शिजते. आपल्या पांढऱ्या पेशींत ज्या कातऱ्या आहेत त्यांतल्या पुष्कळशा या पपेनच्याच कुळातल्या आहेत. त्यांना कॅथेप्सिन असे नाव आहे.

या कातऱ्या पांढऱ्या पेशींत कशासाठी, याचे पहिले उत्तर सोपे वाटले होते. 1882 साली इल्या मेचनिकोव्ह हे रशियन शास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होते. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या या भक्षक पेशी. या कामासाठी 1908 साली मेचनिकोव्ह यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 1955 साली बेल्जियमच्या क्रिस्तियां द द्यूव्ह यांनी पेशीच्या आतली एक पिशवी उजेडात आणली. तिला लायसोसोम म्हणतात. तिच्यात आंबटपणा असतो आणि त्या आंबटपणात चालणाऱ्या कातऱ्या भरलेल्या असतात. तेव्हा चित्र असे उभे राहिले की, भक्षक पेशी जंतूला गिळते, पिशवीत घालते, कातऱ्या त्याचे तुकडे करतात, आणि प्रकरण मिटते. कापणे म्हणजे विल्हेवाट लावणे, एवढाच त्याचा अर्थ समजला गेला.

परंतु विल्हेवाट म्हणजे ओळख नव्हे. शरीराची आठवण राखणाऱ्या पेशी निराळ्या आहेत. त्यांत दोन जाती: बी-पेशी आणि टी-पेशी. बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. टी-पेशींपैकी काही रोगट पेशींना मारतात, तर काही बाकीच्यांना हुकूम देतात. त्यांच्या हुकमावाचून बी-पेशींचा कारखानाही पुरता चालत नाही. प्रतिपिंड हे जंतूला किंवा त्याच्या विषाला अखंड रूपात पकडू शकते. टी-पेशीला मात्र अखंड जंतू समोर ठेवला तरी ओळखू येत नाही. ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काळ चकवीत राहिली.

1974 साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी दाखविले की, मारेकरी टी-पेशीला नुसता विषाणू दिसत नाही. तो शरीराच्या स्वतःच्या एका विशिष्ट प्रथिनाबरोबर दिसावा लागतो. त्या प्रथिनांच्या गटाला एमएचसी म्हणतात. आम्ही आपल्या सोयीसाठी त्याला ‘तबक’ म्हणू. तबकात ठेवलेली वस्तूच टी-पेशी पाहते. या शोधाला 1996 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण तबकात ठेवतात काय?

याचे उत्तर ज्या प्रयोगांनी मिळाले ते आम्हांला फार आवडतात, कारण ते कारागिराच्या डोक्याने केलेले आहेत. अमेरिकेत कर्क झिगलर आणि एमिल उनानुए यांनी भक्षक पेशींना लिस्टेरिया नावाचे जंतू खायला घातले. टी-पेशी त्यांना लगेच ओळखीनात. काही वेळ जावा लागे. म्हणजे मधल्या वेळात आत काही तरी काम चालले असले पाहिजे. 1982 साली त्यांनी त्या पेशींना क्लोरोक्विन दिले. हिवतापावरची ती कडू गोळी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. क्लोरोक्विन पेशीच्या पिशवीतला आंबटपणा मारते. आंबटपणा गेला की कातऱ्या बोथट होतात. आणि काय आश्चर्य! जंतू पोटात असूनही टी-पेशींना ती भक्षक पेशी ओळखू येईना.

यावर कोणी म्हणेल की, क्लोरोक्विनने पेशीचे दुसरेच काही बिघडले असेल. त्याचे उत्तर 1983 साली डेन्व्हर शहरात मिळाले, आणि तेही मूळ क्षयरोग्यांसाठी उघडलेल्या एका रुग्णालयाच्या संस्थेत. जॉन कॅपलर, फिलिपा मॅरॅक, हॉवर्ड ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तबक बाळगणाऱ्या पेशी रसायनाने जागच्या जागी थिजवल्या. अशा पेशीला काही गिळता येत नाही आणि काही कापताही येत नाही. तिचे तबक मात्र पृष्ठभागावर शाबूत राहते. तिला अंड्यातले अखंड प्रथिन दिले, तर टी-पेशी ढिम्म राहिल्या. तेच प्रथिन बाहेर काचेच्या नळीत आधी कापून दिले, तेव्हा टी-पेशी जाग्या झाल्या. म्हणजे अडले होते ते कापण्यापाशी. 1987 साली पामेला ब्योर्कमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तबकाचा आकार प्रसिद्ध केला. त्याच्या माथ्यावर एक पन्हळ आहे, आणि त्या पन्हळीत प्रथिनाचा लहानसा तुकडा बसतो. सबंध गुंडी तिथे बसणेच शक्य नाही.

तात्पर्य, आपल्या शरीरात कापणे ही नुसती विल्हेवाट नव्हे. कापणे हा पुरावा तयार करण्याचा मार्ग आहे. कारखान्याच्या आतल्या खात्यात काय चालले आहे ते गेटबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. आतल्या कोणी तरी चालू कामाचा नमुना बाहेर आणून दाखवावा लागतो. पेशी नेमके तेच करते. असा जो परका पदार्थ शरीर ओळखते, त्याला शास्त्रात प्रतिजन म्हणतात, आणि त्याचे तुकडे तबकात मांडून दाखविण्याच्या क्रियेला प्रतिजनाचे सादरीकरण.

हे काम पेशीत दोन खात्यांत चालते, कारण शत्रूही दोन वाटांनी येतो.

विषाणू पेशीच्या आत शिरून तिच्याच यंत्रांवर आपली प्रथिने बनवून घेतो. अशा आतल्या मालासाठी जे खाते आहे त्याचे नाव प्रोटिओसोम. हे एक पोकळ पिंप आहे. एकावर एक चार कडी, प्रत्येक कडे सात भागांचे, आणि कातऱ्या पिंपाच्या आतल्या बाजूला. पाती आत असल्यामुळे येणारी-जाणारी प्रथिने सहज कापली जात नाहीत. ज्या प्रथिनाचा निकाल लावायचा त्याच्यावर बहुधा युबिक्विटिन नावाची खूण लावली जाते, आणि खुणेचे प्रथिन पिंपात ओढले जाते. या खुणेच्या शोधाबद्दल 2004 साली ॲरन चेखानोव्हर, अव्राम हेर्शको आणि अर्विन रोझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पिंपातून बाहेर पडलेले तुकडे टॅप नावाच्या दारातून पेशीच्या दुसऱ्या दालनात जातात. तेथे त्यांच्या टोकांची छाटणी करणारे आणखी एक विकर असते. आमच्या भाषेत सांगायचे तर हे फेटलिंग! आठ ते दहा मण्यांचा तुकडा झाला की तो पहिल्या जातीच्या तबकात बसतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर येतो. शरीरात विषाणूची वर्दी फिरली की पेशी या पिंपाची काही पातीसुद्धा बदलते; नव्या पात्यांनी तबकात बसण्याजोगे तुकडे अधिक निघतात. पाळी बदलली म्हणून हत्यार बदलावे, असाच हा प्रकार.

दुसरे खाते बाहेरून गिळलेल्या मालाचे. येथे कॅथेप्सिनांचे राज्य आहे. ही कातरी तयार होते तेव्हा तिच्या पात्यावर तिचाच एक तुकडा म्यानासारखा बसलेला असतो. पिशवीत पुरेसा आंबटपणा आला की म्यान गळून पडते आणि पाते उघडे होते. या खात्यातल्या तबकाचीही एक मौज आहे. हे दुसऱ्या जातीचे तबक घडवले जाते तेव्हा त्याच्या पन्हळीत भलतेच काही बसू नये म्हणून एक राखणदार प्रथिन तीत अडकवून ठेवलेले असते. तबक पिशवीत पोचले की कातऱ्या त्या राखणदाराला टप्प्याटप्प्याने कापतात. अखेरचे काप मुख्यत्वे कॅथेप्सिन-एस घेते. 1999 साली हे विकर नसलेल्या उंदरांत राखणदार पुरता कापला जात नाही आणि सादरीकरण अडते, असे दिसून आले. कापून उरलेली शेवटची चिंधी दुसरे एक मदतनीस प्रथिन काढून टाकते, आणि मग पन्हळीत जंतूचा तुकडा बसतो. येथे पन्हळीची दोन्ही टोके उघडी असल्यामुळे तुकडा जरा लांब, तेरा ते पंचवीस मण्यांपर्यंत चालतो. म्हणजे कातरी येथे दोन कामे करते: माल कापते आणि मालासाठी जागाही रिकामी करते.

आमच्या सहकाऱ्याने धनुर्वाताच्या सुईचे नाव घेतले होते, म्हणून तेच उदाहरण घेऊ. लोखंडाने कापले की कामगार आधी ती सुई टोचून घेतो. त्या सुईत धनुर्वाताचे विष निर्धोक करून घातलेले असते. ते विषही एक प्रथिनच. 1998 साली स्कॉटलंडमधील डंडी येथे कॉलिन वॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी बी-पेशींत या प्रथिनाच्या एका मोठ्या भागाला पहिला काप कोण घेते ते शोधून काढले. ते कॅथेप्सिन नव्हते. एकाच विशिष्ट मण्याच्या, ॲस्परजिनाच्या, पुढे कापणारे एक निराळे विकर होते. त्या विकराला रोखले की सादरीकरण मंदावे. गुंडी एकदा मोजक्या जागी उसवली की मग तिचे पदर सुटे होतात आणि तबकात बसतात. सुई टोचताना आपल्याला फक्त एक क्षणाची कळ जाणवते. पण त्यानंतर काखेतल्या गाठींपर्यंत हे सारे उसवण्याचे आणि मांडण्याचे काम चाललेले असते.

आता मुख्य मुद्दा. कापणे चांगले, म्हणून जितके अधिक कापावे तितके अधिक चांगले काय? नाही. माळ पार एकेका मण्यापर्यंत सुटी केली, तर ती कोणाची होती हे कोण सांगणार? पुराव्याचा भुगा केला की तो पुरावा राहत नाही. 2002 साली त्याच वॉट्स यांच्या मंडळींनी दाखवून दिले की, मज्जातंतूंच्या वेष्टनातील एका प्रथिनात टी-पेशीला दिसणारा भाग हीच कातरी नेमकी मधोमध कापून टाकते, आणि मग तो भाग दाखविला जातच नाही. धनुर्वाताच्या बाबतीत जी कातरी पुरावा उघडा करते, तीच दुसरीकडे पुरावा नष्ट करते.

पेशींपेशींतही हाच भेद आहे. भक्षक पेशी ही भंगाराच्या गोदामासारखी. तिच्या पिशव्यांत कातऱ्यांचा भरणा, आणि आलेल्या मालाचा झटपट चुरा. दुसरी एक जात आहे, तिला फांद्यांसारखे फाटे असतात म्हणून डेंड्रिटिक पेशी म्हणतात. राल्फ स्टाइनमन यांनी 1973 साली तिची ओळख जगाला करून दिली. 2011 साली त्यांना नोबेल जाहीर झाले, पण त्याच्या तीनच दिवस आधी ते निवर्तले होते. नवख्या टी-पेशीला पहिला धडा देण्यात ही पेशी सर्वांत तरबेज. 2005 साली असे प्रसिद्ध झाले की, या पेशीच्या पिशव्यांत भक्षक पेशीच्या मानाने कातऱ्या पुष्कळच कमी असतात, आणि म्हणूनच तिच्यात प्रतिजन अधिक काळ टिकतो. ती आपल्या पिशवीचा आंबटपणाही बेताने वाढवते. तिला लसीकाग्रंथींपर्यंतची लांब वाट चालायची असते. पुरावा वाटेतच संपला तर तेथे जाऊन दाखवणार काय? या तरबेज पेशीचे कसब बेताने कापण्यात आहे, हे वाचले तेव्हा आम्हांला आमचे पहिले फोरमन आठवले. नव्या पोराच्या हातात ग्राइंडर देताना ते म्हणत, “घासायला कुणालाही येतंय, थांबायला शिक.”

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे शत्रूची लबाडी समजू लागते. क्षयाच्या जंतूला भक्षक पेशी गिळते; तो त्या पेशीतच बिऱ्हाड करतो. ते त्याला कसे साधते? 1971 साली इंग्लंडमधील आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी दाखविले की, जिवंत क्षयजंतू ज्या पिशवीत असतो ती पिशवी कातऱ्यांच्या पिशवीशी एकजीव होण्याचे पुष्कळसे टळते. पुढे असेही आढळले की, तो आपल्या पिशवीत पुरता आंबटपणा येऊ देत नाही. आंबटपणा नाही म्हणून म्यान गळत नाही, म्यान गळत नाही म्हणून कापणे रखडते, आणि कापणे रखडले की दाखवणे रखडते. क्षयाची लागण झाल्यावर कातडीवरची चाचणी सकारात्मक व्हायला कित्येक आठवडे लागतात. शरीराला उशिरा जाग येण्याची जी अनेक कारणे आहेत त्यांत या लपवाछपवीचाही वाटा आहे. तरीदेखील क्षयजंतू हा प्रथिनांचा बनलेला आहे. आज ना उद्या त्याचा तुकडा तबकात येतो. म्हणूनच लागण झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक त्याला आयुष्यभर दाबून ठेवू शकतात.

आणि आता गारगोटी.

ओतकामाची वाळू म्हणजे मुख्यतः गारगोटीचाच चुरा. साचा फोडताना, जॉब झाडताना आणि घासताना तिची धूळ होते. डोळ्याला दिसते ती धूळ बहुतांशी नाकात आणि घशात अडते. जी फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचते ती मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक असते, आणि ती दिसत नाही. तेथे भक्षक पेशी आपले कर्तव्य चोख बजावते. ती कण गिळते, पिशवीत घालते, पिशवीत आंबटपणा आणते, कातऱ्यांची म्याने गळतात, पाती उघडी होतात. आणि कातऱ्या चालतात कशावर? दगडावर! दगडात मणी नाहीत, माळ नाही, कापायला जागा नाही. म्हणून तुकडा नाही. तुकडा नाही म्हणून तबकात ठेवायला काही नाही. आणि तबक रिकामे म्हणून टी-पेशीला त्या दगडाची ओळख नाही आणि आठवणही नाही. बावीस वर्षे धूळ रोज आत आली, आणि प्रत्येक दिवस शरीराला पहिला दिवसच राहिला.

प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. तो कण पिशवीची भिंत बिघडवतो आणि ती फाटते. आतल्या कातऱ्या उघड्या पात्यांनिशी पेशीभर सांडतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, ही पिशवी फाटणे आणि त्यातून कॅथेप्सिन-बी बाहेर सांडणे यामुळे पेशीतली धोक्याची घंटा वाजते. त्या घंटेला इन्फ्लमसोम म्हणतात. घंटा वाजली की दाह पेटतो. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, आणि तेच पुन्हा घडते. वर्षानुवर्षे चाललेल्या या दाहावर शरीर जखमेच्या वणासारखे घट्ट धागे विणीत जाते, आणि श्वासाची जागा वण घेतो. घंटा वाजते, परंतु चोर कोण हे कोणालाच सांगता येत नाही. त्यातच धुळीने जायबंदी झालेल्या भक्षक पेशींना क्षयजंतूही आवरेनासा होतो. म्हणूनच सिलिकोसिस झालेल्या कामगाराला क्षयाचा धोका इतरांहून कित्येक पटींनी अधिक असतो, आणि म्हणूनच एक्स-रे पाहून एकाला दुसरा समजण्याची चूक होते.

गेल्या दिवाळीत आम्ही हे सारे त्या सहकाऱ्याला त्याच्या घरी बसून सांगितले. त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. कातरी, म्यान, तबक, असे हातवारे करून सांगत होतो. त्याने मधे एकदाही अडवले नाही. जिथे तो राबला तेथल्या वरिष्ठांनी त्याला वर्षानुवर्षे ऐकवले होते की, इतर चाळीस जण धडधाकट आहेत, तुझीच प्रकृती नाजूक, तुझी बिडीच तुला नडली. आमचे बोलणे संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “म्हंजे अंगाचा काय दोष न्हाई म्हणा की.”

नाही. अंगाचा काही दोष नाही. अंगाने आपली हत्यारे चोख परजली होती. त्याच्यापुढे टाकले ते हत्यार न चालणारे. ज्याचा तुकडा पडत नाही त्याच्यावर शरीराला तक्रार नोंदवता येत नाही. धनुर्वाताची लस होते, कोरोनाची झाली. दगडाची लस या मार्गाने होणे नाही. म्हणून जी ओळख आतून होऊ शकत नाही ती बाहेरूनच करावी लागेल, आणि ती आपण माणसांनी करावयाची आहे. वाळू ओली ठेवावी. जेथे धूळ उठते तेथेच ती ओढून घेणारी हवेची नळी बसवावी. तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही, म्हणून योग्य मुखवटा द्यावा. आणि ठरावीक मुदतीने छातीची तपासणी करावी. 1948 च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला सरकारला कळविण्याच्या रोगांच्या यादीत घातले, ही मोठी गोष्ट झाली. परंतु ज्या रोगाला क्षयाचे नाव पडते तो कळवणार कोण?

1700 साली इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगून ठेवले की, रोग्याला जुने वैद्य जे प्रश्न विचारीत आले त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी: तुझा धंदा काय? आमच्या सहकाऱ्याला हा प्रश्न विचारला जाईपर्यंत क्षयाचे औषध दोनदा होऊन गेले होते. या सभेत डॉक्टर मंडळी बसली आहेत, विद्यार्थी बसले आहेत, आणि मागच्या रांगेत आमच्या फाउंड्रीतली पहिल्या पाळीची पोरे कामावरून तशीच येऊन बसली आहेत. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारावा आणि उत्तर केसपेपरवर लिहावे. पोरांनी डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपले खाते आणि आपली वर्षे आपणहून सांगावीत. शरीराला दगडाचा पुरावा तबकात ठेवता येत नाही. तो ठेवण्याचे काम आपले आहे.